माणसाआधी दिवा

आमच्याकडे विहिरीत माणूस उतरण्याआधी दिवा उतरतो. तांदळाच्या पिठाचा दिवा करायचा, तेल-वात घालून टोपलीत ठेवायचा आणि टोपली दोराने हळूहळू खाली सोडायची. विहिरीत आसरामाय राहते. दिवा पाण्यापर्यंत जळत गेला तर तिची परवानगी आहे. मग टोपली वर ओढतात, उतरणारा माणूस तिच्यातला दिवा उचलतो, विहिरीच्या आतल्या भिंतीत एक देवळी असते तिच्यात ठेवतो, हात जोडतो आणि कामाला लागतो. दिवा मध्येच विझला तर उतरायचं नाही.

हे मी लहानपणापासून पाहत आले. आणि दहावीच्या पेपरात मी हेही लिहिलं होतं की कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, त्याच्यात जळती काडी नेली तर ती विझते. त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले. आता मी गोंदियाला बी.एस्सी. करते, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. तरी मला सांगावं लागेल की ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटली नव्हती. शाळेतली काडी शाळेत विझायची, घरचा दिवा घरी. दोन्हीची कारणं वेगळी होती आणि मला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

ती भेटली ती या उन्हाळ्यात. कशी, ते लिहून पाहते. नीट जमेल की नाही माहीत नाही.

आमचं गाव केशोरीकडे आहे. घरामागच्या वाडीत आजोबांच्या वेळची विहीर आहे. घरात नळ आला तेव्हापासून ती कोणी वापरत नव्हतं. वर बांबूची ताटी टाकली होती, तिच्या फटींतून जांभळाची पानं आत पडत राहिली. या वर्षी नळाला आधी एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, मग यायचंच बंद झालं. आई शाळेजवळच्या हातपंपावरून पाणी आणायची. तिथे भांडणं व्हायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, गाळ काढू, विहीर चालू करू. नळ येण्याआधी विहिरीत दरवर्षी बाबाच उतरायचे. त्यांना त्याचा अभिमान होता.

सुटीत मी घरी होते. सकाळी ताटी काढली. आमच्या भागात जुन्या विहिरीवर वाकलं की आतून कबुतरं फडफडत उडतात. इथून काही उडालं नाही. मी खडा टाकला. पाण्याचा आवाज आला नाही, चिखलात काहीतरी रुतल्यासारखा आला. आणि वास. भिजलेल्या बारदान्यासारखा, जुना, जड वास. तो वर येत नव्हता, वाकलं तरच लागायचा.

"दिवा कर वो," आई म्हणाली. "माह्ये हात शेणाचे आहेत."

मी पीठ मळलं. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या दिवशी सकाळीच मला पाळी आली होती. आमच्या घरी आता फार पाळत नाहीत, पण देव्हारा आणि विहीर या दोन गोष्टींना हात लावायचा नाही, एवढं आहे. मी लपवलं असं नाही. होस्टेलमध्ये कोणी विचारत नाही, म्हणून सांगायची सवय गेली होती. आणि पहिल्या वर्षातच मी ठरवून टाकलं होतं की विटाळबिटाळ काही नसतो. ठरवलं होतं फक्त. त्याच्यावर उभं राहून पाहायची वेळ आली नव्हती.

मोठे बाबा आले. म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे, आणि गावातली पूजाअर्चा तेच सांगतात. दोर धरायला शेजारचे दोन काका होते. बाबांनी टोपली सोडली. दिवा देवळीपर्यंत छान जळत गेला. तिच्या थोडा खाली ज्योत बारीक झाली, वातीवरून उचलल्यासारखी झाली आणि कोणी फुंकर न घालता विझली. धूर वर आला नाही. तिथेच, हवेत एखादी चादर अंथरावी तसा, आडवा पसरला आणि तसाच राहिला.

मला खरं सांगायचं तर तेव्हा गॅस आठवला नाही. आठवलं ते एवढंच: माझ्यामुळे. मी दिवा केला, म्हणून. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज उभी राहणारी मुलगी होते मी, आणि माझे हात मला घाण वाटायला लागले. मी ते पाठीमागे नेले.

"घरात कोणाले काही आहे का?" मोठे बाबांनी विचारलं.

आईने नकारार्थी मान हलवली. मी सांगितलं नाही.

आईने हात धुतले आणि दुसरा दिवा स्वतः केला. तो उतरला. देवळीपर्यंत जळला आणि बरोबर त्याच जागी, तसाच बारीक होऊन विझला.

आईच्या हातांत तर काही नव्हतं. आईचा दिवा का विझला? मी त्या आडव्या धुराकडे पाहत होते, आणि तेव्हा ती दोन वाक्यं भेटली. शाळेतल्या काचेच्या पात्रात काडी ज्या उंचीवर विझायची तशीच ही उंची होती, फक्त पात्र मोठं होतं. आणि बाबा त्याच्यात उतरणार होते.

"बाबा, खाली गॅस आहे."

"का आहे म्हणते?"

"गॅस. पानं सडून झालेला. श्वास घेता येत नाही त्यात."

"गॅस!" मोठे बाबा म्हणाले. "मंग शेगडी सोड ना वो खाली. चहा मांडू."

सगळे हसले. बाबाही हसले, आणि त्या हसण्यात माझ्याबद्दल थोडं कौतुकही होतं, ते मला जास्त लागलं. मोठे बाबांनी विहिरीच्या काठावर नारळ फोडला. आतून पांढराशुभ्र निघाला.

"पाहा. राजी आहे माय. दिवा वाऱ्यानं विझला."

"विहिरीत कुठला वारा, मोठे बाबा?"

"तू कॉलेजात जाऊन राहिली म्हणून का आता वाऱ्याले बी परवानगी तुच देशीन?"

पुन्हा हसणं. बाबांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, कंबरेला दोर बांधला आणि एक पाय आत सोडून पहिली खाच चाचपली. त्यांचं धड अजून उन्हात होतं. मी सरांनी शिकवलेलं सगळं आठवत होते, सूत्र, घनता, आणि त्यातलं एकही वाक्य आमच्या झाडीबोलीत कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. जे येत होतं ते म्हणाले.

"पहिला दिवा मी केला. मी दूर आहे आज."

सगळं थांबलं. बाबांनी पाय वर घेतला. विस्तवावरून उचलावा तसा घेतला. दोर धरलेले काका दोन पावलं मागे सरकले, माझ्यापासून. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पहिलेच काऊन नाही सांगितलं?" मोठे बाबा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "बापाले मारत होती का?"

मी मान खाली घातली. बाबा काठावरून उतरून अंगणात आले होते, उन्हात उभे होते, आणि मला तेवढंच हवं होतं.

पुढचे दिवस मी ओसरीत बसून काढले. विहिरीच्या काठावर गोमूत्र शिंपडलं गेलं, ताटी परत टाकली. आई जेवण देताना बोलायची नाही. हातपंपावर तिला कोणीतरी काही बोललं असावं. मी कॉलेजातल्या सरांना फोन केला. सर गोंदियाचे, त्यांची हिंदी. मी धूर कसा पसरला ते सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, किसी को उतरने मत देना. एक गिरता है तो उसे निकालने दूसरा उतरता है. फिर तीसरा. दिया जले तब भी पूरा भरोसा मत करना. पहले मशीन से हवा मारो."

एक पडला की दुसरा उतरतो. बाबा पडले तर मोठे बाबा उतरतील, यात मला शंकाच नव्हती. ते कितीही टोमणे मारोत.

पाळी संपली तसा शुद्धीनंतरचा दिवस ठरला. बाबा पुन्हा उतरणार होते. म्हणजे मी जे थांबवलं होतं ते थांबलेलं नव्हतं, पुढे ढकललेलं होतं. आणि आता तर कारणही मिटलं होतं. मुलगी शुद्ध झाली, विहीर शुद्ध झाली, मग भीती कसली?

दुपारी आई हातपंपावर गेली असताना मी बाबांसमोर पितळेचा गंज ठेवला. तो मोठा, खोल असतो, आमच्याकडे भात त्यातच होतो. तळाशी मेणबत्तीचा तुकडा चिकटवला, पेटवला. बाजूने खायचा सोडा टाकला आणि त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं. मेणबत्ती हलली, बारीक झाली, विझली.

बाबा खाटेवरून उठून जवळ बसले. त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी घेतली. काडी पेटवून स्वतः आत नेली. विझली. दुसरी नेली. तीही विझली. त्यांनी गंजात वाकून पाहिलं.

"आसरामाय गंजात बी आली म्हण," ते म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. मला हसू आणि रडू एकदम आलं.

"नाही बाबा. हा सोड्याचा गॅस आहे. तिकडं बी असाच आहे."

"सोडा तू टाकला. तिथं कोनं टाकला?"

कॉलेजात मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. "पानांनी," मी म्हणाले. "पानं सडतात, तेव्हा तसाच गॅस निघतो."

"पानं तर दरसाल पडतात. मी दरसाल उतरलो. मले तर काही झालं नाही."

मी गंजाकडे पाहत बसले. पुस्तकात उत्तर असतं तर पान आठवलं असतं. मग मला आईचे हात आठवले, दोर ओढणारे, आणि रोज सकाळी विहिरीवरच्या चाकाचा कुरकुर आवाज.

"तेव्हा रोज पाणी काढत होतो ना," मी चाचरत म्हणाले. "बादली खालीवर व्हायची. आतली हवा हलायची. नळ आल्यापासून कोणी बादलीच सोडली नाही. म्हणून साचला."

बाबांचा चेहरा बदलला. "तेच तर," ते म्हणाले. "आपण तिले विसरलो. म्हणूनच कोपली."

आम्ही दोघं एकाच जागी येऊन पोचलो होतो, पण त्यांनी तिथे जे पाहिलं ते मी पाहत नव्हते. मी त्यांना दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी विचारलं, "मंग का करायचं?" आजवर माझ्या बाबांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

"सर म्हणाले, मशीननं हवा मारायची. तोपर्यंत उतरायचंच नाही."

"मशीन कोठून आणू? अर्जुनीहून? आन येईपर्यंत तुझी माय पाण्यासाठी लोकांचे बोल खाईन?"

मग मी उरलं ते सांगितलं. पाणी वरून जोरात ओतत राहायचं. पानांची मोठी फांदी दोराला बांधून आत खालीवर करायची, खूप वेळ.

"हाव," बाबा म्हणाले. "तिले आंघोळ घालू."

मी हो म्हणाले. मी तिथे हो म्हणायला हवं होतं की नाही, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. त्यांच्या डोक्यातलं कारण तसंच राहिलं. पण हात बरोबर काम करणार होते.

त्या दिवशी सकाळपासून आंघोळ चालली. मोठे बाबा मंत्र म्हणत होते, काका फांदी खालीवर करत होते, हातपंपावरून आणलेलं पाणी आई कळशीने विहिरीत ओतत होती. प्यायला पाणी नसताना ती ते शेवटच्या थेंबापर्यंत ओतत होती. मग आईने केलेला दिवा उतरला. देवळी गेली, ती जुनी जागा गेली, तळापर्यंत ज्योत सरळ राहिली. काकांनी आसरामायचा जयजयकार केला. मोठे बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

बाबा उतरले. कंबरेला दोर होता. त्यांनी टोपलीतला दिवा उचलून देवळीत ठेवला, हात जोडले आणि आणखी खाली गेले. तेव्हा मला दिसलं. देवळी त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती. बाबा खाली वाकून गाळ उपसणार, आणि दिवा वरची हवा दाखवत राहणार.

"मोठे बाबा, दिवा खाली पाहिजे. त्यांच्या पायाजवळ."

त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा कसानुसा झाला. "पायाजवळ? आसरामायचा दिवा माणसाच्या पायाखाली?"

"गॅस खाली असतो."

"पोरी, एक वेळ माफ झालं तुले. आता बास."

खालून बाबांचाही आवाज आला, घुमून, "असं बोलू नये, बाई."

मी घरात धावले. तेलाचा रिकामा डबा घेतला, एका बाजूने कापलेला, त्यात मेणबत्ती चिकटवली, वर सुतळी बांधली. काठावर आले तेव्हा मोठे बाबा आडवे आले.

"ही देवाची नाही," मी म्हणाले. "दुकानातली आहे. वीज गेली की लावतो ती. हिला पायाजवळ सोडलं तर कोणाचा अपमान होत नाही."

त्यांनी वाट सोडली. मी मेणबत्ती पेटवून डबा सोडला. तो बाबांच्या पोटरीशी जाऊन थांबला.

पहिल्या काही टोपल्या वर आल्या. काळा, रेशमासारखा गाळ. त्यात मेलेली बेडकं होती, अख्खी, फुगलेली. बाबा फावडं मारायचे तसे गाळातून बुडबुडे निघायचे आणि तो बारदान्याचा वास वर यायचा, आता वाकावंही लागत नव्हतं. मी ज्योतीवरून नजर हलवत नव्हते. ती पिवळी होती. मग बारीक झाली. मग डब्यात नुसता अंधार होता.

"बाबा, वर या! मेणबत्ती विझली!"

"दिवा तर जळून राहिला!" मोठे बाबा ओरडले, आणि खरंच जळत होता. देवळीत, सरळ, सुंदर.

बाबांनी मान वर केली. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, डब्याकडे नाही. "जळते ना," ते म्हणाले. "थांब. एक टोपली..." आणि पुन्हा वाकले. त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही. ते शब्द शोधत असल्यासारखे थांबले आणि फावड्यावर दोन्ही हात ठेवून तसेच उभे राहिले.

मी दोराकडे वळले. माझ्याआधी आई होती. माझ्या आईचा त्या दिव्यावर मोठे बाबांइतकाच विश्वास आहे. पण तिने कळशी टाकली, दोर दोन्ही हातांत धरला आणि मागे रेलली. मग काका, मग मोठे बाबा, मग मी. बाबा वर येताना भिंतीला आपटत होते आणि हात लावून स्वतःला सावरत नव्हते.

त्यांना अंगणात आडवं केलं. त्यांनी डोळे उघडले, उलटी केली, पुन्हा डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उठून बसले. डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पाय माह्ये नव्हतेच खाली."

आम्ही त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं. तोपर्यंत वाडीत बायका जमल्या होत्या. "आसरामायनं वाचवलं," एक म्हणत होती. "माणूस पडला तरी दिवा नाही विझू देल्ला." दुसरी माझ्याकडे पाहत हळू आवाजात आधीच्या दिव्याची गोष्ट सांगत होती. ती गोष्ट बाबा दवाखान्यातून यायच्या आधीच गावभर झाली होती.

बाबांनी ओसरीत बसून मला जवळ बोलावलं. "मेणबत्ती कवा विझली?"

"तुम्ही शेवटची टोपली म्हटली, त्याच्या पहिले."

"आन दिवा?"

"जळत होता."

ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

मला गोंदियाला परत जायचं होतं, प्रॅक्टिकलच्या तारखा लागल्या होत्या. निघायच्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला. मोठे बाबांच्या वाडीतही विहीर आहे. तीही नळ आल्यापासून बंद. त्यांचं पाणीही संपलं होतं.

मी भिंतीला वळसा घालून त्यांच्या विहिरीपाशी गेले. त्यांनी दिवा सोडलेला होता, तो देवळीच्या खाली नेऊन तिथेच लटकत ठेवला होता, आणि जळत होता. पुढे सोडायची त्यांना गरज वाटत नव्हती. कंबरेला दोर बांधत होते.

"मोठे बाबा, थांबा ना थोडं."

"आमच्या घरी पोरगी नाही," ते म्हणाले. रागाने नाही. समजावल्यासारखं. "तुमच्या विहिरीत जे झालं ते आमच्यात होत नाही."

त्यांनी माझंच वाक्य धरलं होतं. मी दूर आहे, असं मीच म्हणाले होते, सगळ्यांसमोर, आणि त्यानेच सगळे थांबले होते. आता तेच वाक्य त्यांना विहिरीत नेत होतं.

माझ्या मागून बाबा आले. अजून त्यांचा तोल जायचा. ते मला ओलांडून पुढे गेले आणि भावाच्या विहिरीच्या तोंडावर, जिथून उतरायचं बरोबर त्याच जागी, बसले.

"ऊठ गा," मोठे बाबा म्हणाले.

"पोरीची मेणबत्ती जाऊ दे पहिले."

"देवाच्या दिव्याआधी?"

"आधी नाही," बाबा म्हणाले. "खाली."

मोठे बाबा हात झटकून बाजूला झाले. मी डबा आणला आणि पेटवून सोडला. सुतळी हातातून सरकत होती. डबा दिव्याच्या बाजूने गेला, खाली गेला, लहान झाला. जळत राहिला तर मोठे बाबा उतरतील आणि गाळ ढवळतील. विझला तर... मी मनातल्या मनात विझायला सांगत होते. कोणाला सांगत होते, ते मला नाही सांगता येणार.

तळाच्या थोडं वर ज्योत बारीक झाली आणि गेली. वरचा दिवा जळतच होता. दोन्ही आता सगळ्यांना एकदम दिसत होते, एक उजेड आणि त्याच्या खाली काळोख.

मोठे बाबांनी कंबरेचा दोर सोडला. त्यांची बोटं गाठीत अडकत होती. बाबांनी उठून त्यांना मदत केली. त्या दिवशी त्या विहिरीत कोणी उतरलं नाही.

मी सुतळी गुंडाळत होते. मोठी माय, म्हणजे मोठे बाबांची बायको, इतका वेळ दारात उभी होती. ती जवळ आली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, नवरा वाचला म्हणून असेल. मग ती माझ्या कानाशी वाकली आणि अगदी मायेने, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने विचारलं,

"बाई, आज बी आहे का तुले?"

"नाही, मोठी माय."

तिने मान हलवली. पण माझ्या हातातला डबा तिने घेतला नाही. पदराने हात पुसले आणि मला म्हणाली, त्या तिकडं, भिंतीपलीकडं ठेव.